बंदचा सोमवार

‘उठला बघा तुमचा जॉबर,’ सुवर्णा म्हणाली आणि माझा हात ओढून तिनं पोटावर ठेवला.

सकाळचे सात वाजले होते. भिंतीपलीकडं बारा माग एकदम सुरू झाले होते आणि फळीवरचे पेले किणकिणायला लागले होते. माझ्या तळव्याखाली एक ढुशी बसली. मग दुसरी, जरा वरच्या अंगाला.

‘जॉबर कशाला होतोय?’ मी ओरडून म्हणालो, कारण माग चालू असले की आमच्या खोलीत ओरडल्याशिवाय ऐकू यायचं नाही. ‘बाप जन्मभर दुसऱ्याचे माग दुरुस्त करतोय. हा मालक होणार.’

‘आणि मुलगी झाली तर?’

‘मग मालकीण. मी हाताखाली राहीन तिच्या.’

ही अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. इचलकरंजीत एका यंत्रमागाच्या कारखान्यात मी जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो नीट करून चालू करून देणारा माणूस. मालकानं कारखान्याला लागूनच खोली दिली होती, दीड खणाची. मधे एक भिंत. आई स्वयंपाकाच्या बाजूला झोपायची, आम्ही इकडं. सुवर्णा हुपरीची, चांदीकाम करणाऱ्यांच्या घरची. लग्न होऊन आली तेव्हा आठ दिवस तिला त्या आवाजानं झोप लागली नव्हती. पण पुढं तीच कारखान्यात कांड्यांवर सूत भरायला यायला लागली आणि मागांच्या गोंगाटात आम्ही सगळे बोलतो तसं, आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायला शिकली. चार मागांपलीकडून ती मला ‘जेवायला या’ म्हणायची आणि मला बरोबर समजायचं. सातवा लागल्यावर मी तिचं काम बंद केलं.

आमच्या पोराला मागांची सवय पोटातच लागली होती. ही थट्टा नव्हे. सातला माग लागले की ते उठायचं, जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की गप. आठवड्याच्या सुट्टीला तर दुपारपर्यंत त्याचा पत्ता नसायचा. सुवर्णा म्हणायची, ‘झोपलाय, सुट्टी आहे त्याला.’ मी कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटायचो, की माझं पोरगं आत्तापासूनच हजेरीवर आहे. मी तसा बडबड्याच. गप्प बसलो तर पोटात दुखतं, असं आई म्हणायची.

आठवा संपत आला होता. आठव्यात पोटुशी बाई कुठं पाठवत नाहीत, म्हणून नववा लागला की तिचा भाऊ येऊन तिला बाळंतपणाला हुपरीला नेणार होता. शनिवारी नेऊ म्हणून त्याचा निरोपही आला होता. तिनं पिशवी भरून ठेवली होती.

आणि रविवारी संध्याकाळी बंद सुरू झाला.

सूत महागलं म्हणून मालक लोकांनीच तो पुकारला होता. बुधवार रात्रीपर्यंत गावात एकही माग चालवायचा नाही, असं ठरलं. मोटरसायकलीवरनं पोरं गल्लोगल्ली फिरत होती, कुठं मागाचा आवाज येतोय का ऐकत. आईला ही सुट्टी बरी सापडली. सोमवारी सकाळीच ती रेंदाळला मावशीकडं शेवया करायला गेली. जाताना म्हणाली, ‘सुनेला सांभाळ रं म्हादू. गुरुवारी येतो मी, शेवया घेऊन.’

सोमवारी सात वाजले आणि काहीच झालं नाही. पेले गप्प, भिंत गप्प. शेजारच्या घरातला रेडिओ पहिल्यांदाच नीट ऐकू येत होता. आम्ही दोघं सवयीनं ओरडून बोलायचो आणि मग एकमेकांकडं बघून हसायचो.

‘सकाळी एकदा जरा वळवळलं,’ दुपारी जेवताना सुवर्णा म्हणाली. ‘मग न्हाई.’

‘बंदात सामील झालंय,’ मी म्हणालो. ‘बापापेक्षा पक्कं निघालं.’

ती हसली. ठसका लागेपर्यंत हसली, मी तिला पाणी दिलं. आम्ही दोघं किती हसलो, ते मला फार नीट आठवतं.

मंगळवारी मला जाग आली तेव्हा ती उठून बसली होती. दोन्ही हात पोटावर.

‘अहो, काल सकाळनंतर हललंच न्हाई.’

‘काल सकाळपासनं माग तरी कुठं चालू आहेत?’

‘सुट्टीला पण संध्याकाळपर्यंत हलतंयच की. बाई म्हणाल्या होत्या, दिवसभर हललं न्हाई तर तडक यायचं.’

बाई म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाई. त्यांचा दवाखाना आमच्या खोलीपासून रिक्षानं दहा मिनिटांवर. आणि इथं मला एक सांगितलंच पाहिजे. पाचव्यात सुवर्णाच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा मी तिला तसाच घेऊन पळालो होतो. गॅस निघाला. सातव्यात पाय सुजले म्हणून पुन्हा पळालो, तेव्हा बाई हसत हसत नर्सला म्हणाल्या, ‘पेशंट शहाणी आहे, नवराच भित्रा आहे.’ बाकावरच्या सगळ्या बायका हसल्या. दुसऱ्याची थट्टा करायला मला फार आवडतं, पण स्वतःची झाली की ती अंगाला चिकटून बसते. तिसऱ्यांदा जायचं माझ्या जिवावर आलं. एवढंच कारण. मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

‘परवा सकाळी माग लागतात,’ मी म्हणालो. ‘सातला लागले की ढुशी मारतंय का न्हाई बघ.’

‘आणि न्हाई मारली तर?’

‘तर साडेसातला दवाखान्यात. मी रिक्षा आणून दारात उभी करतो.’

दुपारी ती साखरेचं पाणी करून प्याली आणि डाव्या कुशीवर झोपली. थोड्या वेळानं पालथी मूठ पोटावर हळूच ठोकत होती. मला बघून तिनं हात काढून घेतला.

‘जाऊन तरी येऊया की हो,’ ती म्हणाली. ‘हसल्या तर हसल्या.’

‘उद्याचा एक दिवस गं. एकच दिवस.’

बुधवारी सकाळी तिनं विचारलंच नाही. भाकरी थापत होती आणि मधेच थांबून ऐकल्यासारखं करत होती, आतलं. मग मात्र मला राहवेना. दवाखान्यात जायचं मनात आलं नाही, असं नाही. आलं. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी मनात आलं आणि मला ते फार हुशारीचं वाटलं.

जॉबर म्हणून कारखान्याची एक किल्ली माझ्याकडं असायची.

‘तू भिंतीला पाठ लावून बस,’ मी म्हणालो. ‘एक माग चालवतो, आपल्या भिंतीकडचा. दहा मिनिटं.’

‘कुणी ऐकलं तर?’

‘तेल घालून बघत होतो म्हणीन.’

‘मारतील तुम्हाला.’

‘मारू देत.’

तिनं पाट घेतला, भिंतीशी ठेवला आणि त्यावर बसली. पाठ लावली नाही, तोंड भिंतीकडं करून बसली आणि पोट भिंतीला टेकवलं.

बंद कारखान्यात मी आयुष्यात पहिल्यांदाच एकटा गेलो. खिडक्यांना आतनं पोती लावली होती. मेन स्विच टाकला, भिंतीकडच्या मागाची मोटार चालू केली आणि दांडा ओढला. धोटा सुटला. बारा माग चालतात तेव्हा आवाज असा वेगळा ऐकू येत नाही. पण एकटा माग चालतो तेव्हा फार मोठा आवाज होतो. चार गल्ल्यांपलीकडं जाईल एवढा. मला त्याचं काही वाटलं नाही. मी मागाच्या फ्रेमवर हात ठेवून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, ऊठ रं. ऊठ बाळा. सात वाजले.

पाच मिनिटंही झाली नसतील, दारावर लाथ बसली.

मोटरसायकलवाले चौघं होते. ‘तेल घालून बघत होतो,’ मी म्हणालो. एकानं मागावरचं कापड बघितलं, चांगलं बोटभर विणून झालं होतं. त्यानं मला कानाखाली दिली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. दुसऱ्यानं स्विच पाडला आणि म्हणाला, ‘सगळं गाव बंद पाळतंय आणि तुझं काय अडलंय?’

काय अडलंय ते मी सांगितलं नाही. माग न लावल्यामुळं बायकोच्या पोटातलं पोर हलत नाही, हे मला त्या चौघांसमोर उभं राहून बोलून दाखवता आलं नाही. बोललो असतो तर कदाचित माझ्याच कानांना ते ऐकू गेलं असतं. मी म्हणालो, ‘चुकलं.’

खोलीत आलो तेव्हा सुवर्णा पाटावरच होती. तिनं माझा गाल बघितला.

‘हललं?’ मी विचारलं.

माझ्या गालाकडंच बघत ती म्हणाली, ‘व्हय. जरासं.’

‘कुठं?’

‘इथं. खालच्या अंगाला.’

मी तिथंच फरशीवर बसलो आणि हसायला लागलो. ‘बघ,’ म्हणालो, ‘एका मागानं जरासं. उद्या बारा लागले की नाचतंय बघ.’ तिनं पदराचं टोक पाण्यात भिजवून माझ्या गालाला लावलं. त्या रात्री मी गाढ झोपलो. ती झोपली का, मला माहीत नाही.

गुरुवारी सहा वाजल्यापासूनच ती भिंतीशी जाऊन बसली होती. मी चहा केला, तिनं घेतला नाही. पलीकडं लोक आल्याचा आवाज आला, कुणीतरी खोकलं, कुणीतरी दिवाणजीला हाक मारली. सातला पहिला माग लागला. मग दुसरा. मग सगळे. पेले किणकिणले. फळीवरची एक ताटली घसरत काठापर्यंत आली आणि खाली पडली. आम्ही दोघांनीही तिच्याकडं बघितलं नाही.

मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. ती डोळे मिटून होती. मग तिनं डोळे उघडले आणि ओठ हलवले. त्या गोंगाटात मला स्पष्ट समजलं.

‘रिक्षा आणा.’

दवाखान्यात बाई नुकत्याच आल्या होत्या. या वेळी कुणी हसलं नाही. त्यांनी तिला टेबलावर झोपवलं, पोटावर नळी लावून ऐकलं. एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं. मग मशीनवर नेलं. मला दाराशी उभं राहू दिलं होतं. पडद्यावर करडं काहीतरी दिसत होतं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण बाईंचा हात एकाच जागी थांबलेला कळत होता.

‘कधीपासून हललं नाही?’ त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. सुवर्णानं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि बाईंना दिसणार नाही असे ओठ हलवले. ‘गप.’

आणि मोठ्यानं म्हणाली, ‘आज सकाळपासनं.’

मी गप्प बसलो.

‘ठोके लागत नाहीत,’ बाई म्हणाल्या. मग तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, ‘बाळ गेलंय, सुवर्णा.’

ती रडली नाही. तिनं विचारलं, ‘आता काढायचं कसं?’ असं विचारणारी बाई मी आजवर दुसरी बघितली नाही. बाईंनी समजावून सांगितलं, की बाळंतपण व्हावंच लागेल, कळा याव्या लागतील, त्यासाठी सलाईन लावू. म्हणजे सगळं तसंच, फक्त शेवटी काही नाही.

अकराच्या सुमारास आई आली. रेंदाळहून घरी गेली होती, शेजाऱ्यांनी सांगितलं, तशीच शेवयांचा डबा घेऊन धावत आली. आतनं सुवर्णाचा आवाज येत होता. आईनं डबा बाकावर ठेवला आणि माझा दंड धरला.

‘कवापासनं रं?’

मी काही बोलायच्या आधी नर्सच म्हणाली, ‘आज सकाळपासून हललं नाही म्हणून लगेच घेऊन आले हो ते. त्यांनी काही हयगय केली नाही.’

आई रडायला लागली आणि मला जवळ घेऊन म्हणाली, ‘माझं बाळ ते. पळत आणली असंल तू.’ मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून तसाच उभा राहिलो. मला किळस येत होती स्वतःची, आणि तिनं मला सोडू नये असंही वाटत होतं.

आतनं कळांचा आवाज कधी वाढायचा, कधी थांबायचा. मी सबंध आयुष्यात कुठलंही यंत्र बंद पडलेलं बघून हात बांधून उभा राहिलो नव्हतो. कुठला तरी नट सैल असतो, कुठं तरी धागा अडकलेला असतो, शोधलं की सापडतो. त्या दिवशी मी पाच तास त्या दाराबाहेर उभा होतो आणि माझ्या दोन्ही हातांना करायला काहीही नव्हतं.

चारला बाळंतपण झालं. मुलगा होता. आईनं त्याला बघितलं. मला नर्सनं विचारलं, ‘बघायचंय का?’ मी हो म्हणालो. कापडात गुंडाळलं होतं, फक्त तोंड उघडं. नाक सुवर्णाचं होतं. गालाची कातडी एका जागी सोलल्यासारखी झाली होती. मी विचारलं, ‘हे काय लागलं?’ नर्सनं कापड वर ओढून घेतलं.

सुवर्णाला बाहेरच्या खोलीत आणलं. आई चहा आणायला गेली तेवढ्यात मी तिच्या खाटेजवळ बसलो.

‘आज सकाळपासनं का म्हणालीस?’

‘तुमची आई येणार, माझा भाऊ येणार,’ ती छताकडं बघत म्हणाली. ‘एक तर गेलंच. तुम्हाला पण घालवू का त्यांच्यासमोर?’

मी उगीच म्हणालो, ‘पण काल हललं होतं ना? खालच्या अंगाला, म्हणालीस.’

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

‘तुमचा गाल सुजला होता,’ ती म्हणाली.

तेवढ्यात नर्स बोलवायला आली. बाईंनी मला आत घेतलं, दार लोटलं. त्या थकल्या होत्या. समोर कागद होता, त्यावर सुवर्णाचं नाव.

‘बसा महादेवराव. मी आता जे विचारते ते इथंच राहील. बाहेर तुमच्या आईला मी काही सांगणार नाही आणि तुमच्यावर रागावणारही नाही.’ त्या थांबल्या. ‘मी बाळ बघितलंय. हे आज सकाळचं नाही. दोन दिवस, कदाचित तीन दिवस झालेत. बायको आज सकाळचंच म्हणते. तिची पुढची खेप मला सांभाळायची आहे, म्हणून मला खरं कळलं पाहिजे. कधीपासून हललं नव्हतं?’

माझ्या मनात एकच प्रश्न होता. त्या क्षणी जगात मला दुसरं काहीही नको होतं, फक्त त्याचं उत्तर हवं होतं. सोमवारी दुपारी आणलं असतं तर वाचलं असतं का? बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. त्यांना नक्की सांगता आलं असतं. त्या ‘नाही’ म्हणाल्या असत्या तर मी माणसात आलो असतो. ‘हो’ म्हणाल्या असत्या तरी निदान कळलं असतं.

पण हा प्रश्न विचारायला आधी तोंडातनं ‘सोमवार’ काढावा लागला असता. आणि दाराबाहेर आई चहाचे कप वाजवत होती.

‘आज सकाळपासनंच, बाई,’ मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, त्या पुन्हा एकदा विचारतील. पुन्हा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, अजूनही मला तसं वाटतं. त्यांनी पेन उचललं आणि कागदावर लिहिलं. ‘बरं,’ म्हणाल्या.

नंतर त्याच बाईंच्या हातावर आम्हाला दोन मुली झाल्या. दोन्ही खेपांना त्या जुना कागद काढून वाचायच्या, ‘त्या दिवशी सकाळपासून हालचाल नाही,’ आणि वर न बघता विचारायच्या, ‘बरोबर?’ दोन्ही खेपांना सुवर्णा माझ्याकडं न बघता ‘हो’ म्हणाली. आता बाईही नाहीत आणि तो कागदही नाही.

त्या दिवशी मी दार उघडून बाहेर आलो. आईनं चहाचा कप माझ्या हातात दिला.

‘काय म्हणाल्या रं बाई?’

‘काय न्हाई. वेळेत आणलं म्हणाल्या.’

आईनं दवाखान्याच्या दाराकडं बघून हात जोडले. ‘वेळेत आणलंस म्हणून सून तरी हाताला लागली,’ ती म्हणाली. सुवर्णाची खाट तिथनं चार पावलांवर होती. तिनं तोंड भिंतीकडं केलं.

‘व्हय,’ मी म्हणालो आणि चहा प्यालो.